चुड्यावरची फुंकर

अंबाजोगाई
१७ मार्च २०२५

सुनिता,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. नुसतं नाव लिहिते.

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून कागदावर लिहावं लागतंय. मला पत्रं लिहायची सवय नाही. शाळेच्या कामाचं सोडून मी काही लिहीत नाही, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर समजून घे.

अम्मी गेली. तुला कळलंच असेल, कारण आमच्या कब्रस्तानाची वाट तुमच्या दारावरून जाते. आपल्या गावात कुणाचीही माती दारावरून निघाली तर माणसं बाहेर येऊन उभी राहतात. तुमचं दार त्या दिवशी बंद होतं, असं पुरुषमाणसं परत आल्यावर बोलत होती.

तुझ्या सासूबाई मात्र आल्या. छबुबाई आजी काठी टेकत एकट्या आल्या, अम्मीच्या खाटेजवळ बसल्या, आणि म्हणाल्या, "मण्यारीण गेली. आता कुणाचा हात कसा हाय, हे गावात कुणाला ठावं?" तेवढंच बोलल्या, चहा घेतला, गेल्या. तुझ्याविषयी बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी हृदय लिहून दिलं. मोबाईलवर फिरलेल्या त्या क्लिपनं अम्मी मेली असं मी म्हणणार नाही. तिला साखर होती, वय होतं. पण शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत तिचा बांगड्यांचा डबा खुंटीवरून खाली निघाला नाही, हे खरं आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापासून जी बाई रोज चार घरं हिंडली, ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत राहिली. एका घरी ती उठल्यावर ओसरीवर गोमूत्र शिंपडलं, तेव्हापासून ती कुठं गेली नाही. ते घर कुणाचं, ती मला शेवटपर्यंत बोलली नाही.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. ती मागायच्या आधी तो दिवस मी इथं अख्खा लिहिते. आजवर सगळ्यांनी तो कापूनच दाखवला.

संस्कृतीच्या हळदीचा आदला दिवस. तुमच्या ओसरीवर सतरंजी. अम्मी डबा उघडून बसलेली, समोर संस्कृती, मागं मी हिरव्या बांगड्यांचे तोडे सोडून देत होते. अम्मीनं तिचा हात दाबून बघितला आणि म्हणाली, "हात हाय का उसाचं कांडं? ढिला सोड की गं, सासरी न्यायला आलेत का आत्ताच?" सगळ्या हसल्या. तुमचा पुतण्या सत्यम पायरीवर बसून मोबाईलमध्ये शूटिंग घेत होता. त्याचं ते बातम्यांचं चॅनेल तेव्हा नवीनच होतं.

तेवढ्यात तू आतून आलीस. पिठाचे हात होते. तू म्हणालीस, "चाची, नुसत्या भरू नका. फुंकर मारा. मागच्या बारीला न्हाई मारली, अन् काय झालं बघितलं ना."

संस्कृतीची पहिली सोयरीक मोडली होती, त्याचं तू बोलत होतीस. अम्मी म्हणाली, "ती मोडली मानपानाच्या भांडणावरनं. माझ्या फुंकरीचा काय संबंध गं त्यात?"

"असू द्या. माझ्या जीवाला बरं वाटतंय. मारा."

"एवढ्या पावण्यांत?"

"मग काय चोरून मारता?"

हे शब्द तुझे आहेत, सुनिता. मी तिथंच होते.

मग अम्मीनं संस्कृतीचं मनगट तोंडाजवळ घेतलं, बिस्मिल्ला म्हटलं, आणि फुंकर मारली. तिचे पुढचे दोन दात पडलेले. तिची फुंकर सरळ निघायची नाही, गाल फुगवून जोर लावायला लागायचा. फुंकून झाल्यावर ती जे नेहमी म्हणायची ते म्हणाली, "लेकी, हातातला चुडा हातात राहू दे, घरात गोकुळ होऊ दे." मराठीतच म्हणाली. संस्कृतीनं भरल्या हातांनी तिच्या पायांना हात लावला, तू अम्मीच्या ओटीत साखर घातलीस.

सत्यमनं दाखवलं ते एवढंच: म्हातारीचे फुगलेले गाल आणि नवरीचं मनगट. तुझं बोलणं गायब, साखर गायब. आवाज काढून त्यावर ढँग-ढँग असं काहीतरी लावलं. वर लिहिलं, 'बांगड्या भरताना हे काय केलं?' दोन दिवसांनी ते मोठ्या चॅनेलवर गेलं. तिथं तिच्या तोंडाभोवती लाल गोल काढला, हळूहळू करून दाखवलं, आणि खाली 'बांगड्यांवर थुंकी?' असं लिहिलं. प्रश्नचिन्ह लावलं की कुणाला जाब द्यावा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्या बातमीत अम्मीचं तोंड थोडंच दिसत होतं. बाकी वेळ काळे बुरखे घातलेल्या बायका कुठल्यातरी शहराच्या बाजारात चालताना दाखवत होते. अम्मीनं हयातभर लुगडं नेसलं. तिच्याकडं बुरखा नव्हताच. ती टीव्हीजवळ जाऊन बघत होती. मला म्हणाली, "ये औरतां कोन हैं गे? इसमें मैं किधर हूं?"

मी टीव्ही बंद केला.

माझं मागणं असं: तू चार लोकांसमोर सांग की फुंकर तूच मागितली होतीस. माफी नको, पैसे नकोत, केस करायची नाही. जे झालं तेवढं सांग.

मी ठीक आहे. शाळेला सध्या सुट्टी आहे, म्हणून घरीच असते.

मुबीना


अंबाजोगाई
९ जून २०२५

सुनिता,

तुझं पत्र आलं नाही. आदिनाथ आला.

तुझ्या नवऱ्यानं, तानाजीरावांनी पाठवलं असं त्यानं सांगितलं नाही, पण गाडी तुमची होती. पाणी प्याला. उगाच पंख्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, कावून वाढवायलाय तुमी? झालं ते झालं. चाची देवाघरी गेल्या. मेलेल्या माणसाचं नाव चव्हाट्यावर कशाला आणायचं?"

मी म्हटलं, "आदिनाथ, मी आणलेलं नाही. आणलेलं परत मागतेय."

"निवडणुका तोंडावर हायेत आक्का. तानाजीभाऊंना लई अडचण हुईल. कोण म्हणतं तेनी त्या बाईच्या बाजूचे, कोण म्हणतं ह्या बाजूचे."

"मी बाजू विचारली नाही. काय झालं ते विचारलं."

तुमच्याकडं कामाला असला तरी तो पोरगा वाईट नाही. लहानपणी अम्मीनं त्याच्या मनगटात काळे मणी बांधले होते, नजर लागू नये म्हणून. त्यालाही ते आठवलं असावं, कारण जाताना खाली बघून म्हणाला, "माझ्या हातात काय न्हाई बगा." मी त्याला सोडायला दारापर्यंत गेले.

तानाजीराव त्यावेळी टीव्हीवाल्यांना काय म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही. "आमच्या घरात असं काही चालत असेल याची आम्हाला कल्पना नव्हती." तू त्यांच्या मागं दारात उभी होतीस. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला होता, तरी तूच होतीस. ते 'असं काही' म्हणाले, 'थुंकी' म्हणाले नाहीत. पुढारी माणसाला शब्द बरोबर सापडतात.

आता दुसरी गोष्ट. पुण्याहून एक बाई आली होती. इंटरनेटवरच्या एका चॅनेलची, आमच्या बाजूनं लिहिणारी. फार आदरानं बोलली. मला बरंही वाटलं. अम्मीचा फोटो मागितला, मी दिला. तो तिनं जरा वेळ बघितला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमच्याकडं बुरखा आहे का? म्हणजे एखादा शॉट तसा घेऊ. लोकांना लगेच ओळख पटते."

मी म्हटलं, मी साडी नेसून शिकवायला जाते, अम्मी लुगडं नेसायची.

"ठीक आहे, मग कब्रस्तानाच्या फाटकाशी बसा. बोलू नका काही. नुसत्या बसा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या."

मी तिला सांगितलं, रडायचं असेल तेव्हा मी माझ्या घरात रडते. तुम्ही केज तालुक्यात आमच्या गावी जा, तानाजीरावांचं घर कुणीही दाखवेल. त्यांच्या बायकोला एकच प्रश्न विचारा, फुंकर मारायला कुणी सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताई, तो आपला अँगल नाही." मग तिनं चहा पूर्ण प्याला आणि गेली.

सुनिता, आधीच्या चॅनेलवाल्यांनी अम्मीला थुंकणारी केलं, हिला ती बिचारी करायची होती. तू तिला ओळखतेस. ती बिचारी होती का? उधारी मागायला गेली की पाटलिणीच्या चुलीपुढं जाऊन बसायची. नवऱ्या मुलींना चिमटे काढायची. ज्या बाईची बांगडी चढताना तडकून वाढवायची, तिला म्हणायची, "बांगडी माझी चांगली हाय, तुझा राग मनगटात उतरलाय." तुझं माहेरही गावातलंच, लहानपणी आपल्या दोघींना तिनं तिच्या डब्यातल्या काचेच्या बांगड्यांना हात लावला म्हणून पळीनं मारलं होतं. तुला दोन, मला चार. 'लोकाची लेक हाय, तिला कमी' असं म्हणून. अशी बाई टीव्हीत कुठंच नव्हती.

मागच्या पत्रात मी शाळेला सुट्टी आहे असं लिहिलं होतं. मार्चमध्ये कुठल्या शाळेला सुट्टी असते? मला थोडे दिवस येऊ नका म्हणून सांगितलंय. मी बालवाडीला शिकवते, मुलांचे डबे उघडून द्यावे लागतात, भरवावंही लागतं. एका पालकानं मोबाईल दाखवून विचारलं, ह्याच बाईंच्या आई का. मॅडम चांगल्या आहेत, खालच्या आवाजात बोलल्या. "वातावरण निवळू द्या, मुबीनाताई." म्हणून मी घरी असते. तुझे भाऊजी म्हणतात, सोडून दे, दुसरीकडं बघू. मी त्यांना हो म्हणते आणि तुला पत्र लिहिते.

हे माझ्या एकटीवर आलेलं नाही, म्हणून तुला कळवते. आमच्या गल्लीतली पोरगी कॉलेजात पाण्याची बाटली तोंडाला लावायला गेली तर मागच्या बाकावरून आवाज येतो, "थुंकू नको बरं का." केजच्या बाजारात आमच्या मण्यारणी आता तोंडावर पदर बांधून बांगड्या भरतात. कुणी सक्ती केलेली नाही. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून त्यांनीच बांधला. बांगडी भरताना बाईशी बोलत राहावं लागतं, बोलण्यात ती गुंतली की हात ढिला पडतो. आता त्या मुक्यानं भरतात, आणि बांगड्या जास्त वाढवतात.

तुझ्या दोन वाक्यांनी हे सगळं मिटेल असं मला वाटत नाही. पण सुरुवात तुझ्या ओसरीवरून झाली, तर उलटी सुरुवातही तिथूनच व्हायला पाहिजे.

मुबीना


अंबाजोगाई
२६ ऑक्टोबर २०२५

सुनिता,

काल तुझा फोन आला, तेव्हा नंबर ओळखीचा नव्हता, आवाज होता. मी 'बघते' म्हणून ठेवून दिला. मला पटकन बोलता येत नाही. उत्तर लिहून पाठवते.

आधी तू जे म्हणालीस ते लिहिते, म्हणजे पुढं कुणाला कापता येणार नाही.

संस्कृतीला सातवा लागला. मागच्या वेळचं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. ऐकून वाईट वाटलं. डोहाळजेवण तुमच्याकडं आहे, मांडव टाकणार, तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या बायका येणार. आणि तुझ्या जीवाला घोर लागलाय. तू म्हणालीस, "मुबी, चाचींचा हात लागला न्हाई म्हणूनच मागच्या बारीला गेलं असं वाटतंय गं मला. त्यांची विद्या तुझ्याकडं हाय. तू ये. आदल्या दिवशी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी ये, पोरीला मी तिकडं आणते. पाच बांगड्या भर अन् फुंकर मार. बाकीच्या मी दुकानातनं आणल्यात. कुणाला कळायचं न्हाई."

मी विचारलं, येऊ कशी. तू म्हणालीस, "मागच्या वाटंनं ये, ओढ्याकडनं. आदिनाथ न्यायला यील."

सुनिता, फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

तुला फुंकर पाहिजे. फुंकणारं तोंड कुणाला दिसायला नको. माझी आई थुंकत नव्हती हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तुला खरोखर शंका असती तर तू लेकीच्या पोटाशी आम्हाला बोलावलंच नसतं. म्हणजे दीड वर्ष तू खात्रीनं गप्प बसलीस. हे मला काल कळलं. आधी वाटायचं, कोण जाणे, टीव्हीत बघून बघून तिलाही खरं वाटायला लागलं असेल.

विद्या वगैरे काही नाही. बिस्मिल्ला म्हणायचं, मनात चांगलं आणायचं, फुंकायचं. मला येतं. अम्मीनं कधी शिकवलं नाही, बघून येतं. कुणाचं मूल राहतं आणि कुणाचं जातं ते फुंकरीवर नसतं, हे अम्मीच तुला ओसरीवर सांगत होती. संस्कृतीला डॉक्टरांकडं वेळेवर ने. माझ्यावर विसंबू नकोस.

पण तिला आणि तुला बरं वाटत असेल तर मी येईन. कशी येईन ते सांगते. डोहाळजेवणाच्या दिवशी येईन, दिवसाढवळ्या, सगळ्या बायका जमल्यावर. अम्मीचा डबा घेऊन, पुढच्या दारानं. आखाड्यावर येणार नाही. त्या दिवशी 'मग काय चोरून मारता' असं तूच विचारलं होतंस. मी म्हणते, चोरून नाही.

आणि हाताला हात लावायच्या आधी तू सगळ्यांसमोर बोलायचं. कोण मागं लागलं होतं, अम्मीनं काय केलं, काय केलं नाही. तू बोलली नाहीस तर मी डबा न उघडता परत जाईन. तोंडातून वाईट शब्द काढणार नाही, याची तू काळजी करू नकोस. पोटातल्या लेकराचं आणि माझं काही भांडण नाही.

तानाजीरावांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव.

मुबीना


अंबाजोगाई
१४ नोव्हेंबर २०२५

सुनिता,

तू तिथं होतीस, तरी मी हे लिहिते. आता अख्खं लिहून ठेवायची सवयच लागली आहे.

फाटकाशी आदिनाथ उभा होता. "आक्का, मागनं या ना. इकडं लई गर्दी हाय."

मी म्हटलं, "गर्दीतच यायचंय मला." त्यानं वाट दिली. माझ्या मागं, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "या," म्हणाला.

मांडवात सगळ्या हिरव्या साड्या. मी डबा काखेत घेऊन आत आले तेव्हा गाणं म्हणणाऱ्या बायका डब्याकडं बघायला लागल्या. पहिल्या रांगेतल्या एका जाड बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी पाहिलं. त्यांना वाटलं मी पाहिलं नाही. सत्यम झोपाळ्याच्या बाजूला मोबाईल धरून होता. त्यानं तो खाली केला, मग परत वर केला. सवय असते एकेकाची.

तानाजीराव उठून आले. हसून म्हणाले, "ये मुबीना. बरं केलंस आलीस. जेवून जा. बांगड्या झाल्यात भरून पोरीच्या."

त्यांच्याशी माझं काही नव्हतं. मी तुझ्याकडं बघून विचारलं, "सुनिता, मला कशाला बोलावलंस?"

तू नवऱ्याकडं पाहिलंस. मला वाटलं, संपलं. मी वळायला लागले.

तेव्हा छबुबाई आजी खुर्चीतून ओरडल्या, "बोल की गं! का जीभबी दुकानातनं आणायची हाय?"

बायका हसल्या. तानाजीराव म्हणाले, "आई, तू गप बस." आजी म्हणाल्या, "मी तुझ्या बापाच्या पुढं गप बसले. तुझ्या पुढं कावून बसू?"

आणि संस्कृतीनं डावा हात पुढं केला. तो मोकळा होता. उजव्या हातात दुकानातल्या बांगड्या, डाव्यात एकही नाही. तिनं त्या कुणाला भरू दिल्या नव्हत्या, हे तिथं बसलेल्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तुझ्यासुद्धा. ती म्हणाली, "आई, तू बोलती का मी बोलू? माझ्याच हाताचं हाय ते."

"संस्कृती!" तानाजीराव म्हणाले.

मग तू बोललीस. मला वाटतं, लेकीनं बोलण्यापेक्षा आपण बोललेलं बरं, एवढ्यासाठी बोललीस. का बोललीस ते तुझं तुला माहीत. पण शब्द मी ऐकलेत आणि लिहून ठेवते:

"मीच म्हणलते. फुंकर मारा म्हणून मीच मागं लागलते. चाची नको म्हणत होत्या. थुंकल्या न्हाईत त्या. आशीर्वाद दिला त्यांनी."

कोणीतरी मागून विचारलं, "मग इतके दिवस गप कावून बसलीस गं बाई?" तानाजीराव मांडवातून बाहेर गेले.

मी सत्यमला म्हटलं, "घेतलंस का सगळं?" त्यानं मान हलवली. "मग ह्या बारीला कापू नकोस."

मी बसले. डबा उघडला. तोंडावर पदर बांधला नाही. संस्कृतीचा हात हातात घेतला तेव्हा तो गार होता, मी तिला विचारलं, रात्री झोप लागते का, पाय सुजतात का, आणि बोलता बोलता बांगड्या चढल्या. एकही वाढवली नाही. मग बिस्मिल्ला म्हटलं, फुंकर मारली, आणि अम्मी म्हणायची ते मोठ्यानं म्हटलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. माझे दात शाबूत आहेत, माझी फुंकर सरळ गेली. छबुबाई आजींनी त्यावर मान हलवली. "तिच्यावानी न्हाई," म्हणाल्या. बरोबर आहे.

पहिल्या रांगेतल्या त्या बाईंनी नंतर हात पुढं केला. मी त्यांना म्हटलं, आज संस्कृतीचं भरून झालं, तुम्हाला भरायच्या असतील तर बाजाराच्या दिवशी केजला आमच्या मण्यारणींकडं जा. मी खुनशी नाही, पण त्या दिवशी मला ते जमलं नसतं.

आता त्यानंतरचं. सत्यमनं त्या संध्याकाळी व्हिडिओ टाकला. सकाळी तो नव्हता. कुणी काढायला लावला ते विचारत नाही. पहिला व्हिडिओ मात्र अजून जागेवर आहे, मी रोज बघते. तानाजीरावांना वाटलं असेल, पुसलं. मोबाईलमधून पुसता येतं. मांडवात बायका होत्या, त्यांनी रात्री घरी जाऊन भाकरी थापताना सांगितलंच असेल. गावातून मला तीन घरचे निरोप आलेत, लग्नाच्या चुड्याचे. मी बालवाडीची बाई आहे, मण्यारीण नाही. तरी हो म्हटलं.

पुण्याची ती बाईही परत फोनवर आली. तिला कुठून कळलं कोण जाणे. फार खूश होती. म्हणाली, आता गोष्टीला छान शेवट मिळाला, तुम्ही दोघी मैत्रिणी गळ्यात गळे घालून एक फोटो द्या, सलोख्याचा. मी नाही म्हटलं. तुला विचारायला येईल. तूही नाही म्हण. आपण गळ्यात गळे घातलेले नाहीत, आणि न घातलेले दाखवू नयेत.

मी निघाले तेव्हा तू दारापर्यंत आलीस. पानसुपारी दिलीस आणि विचारलंस, "आता झालं ना, मुबी?" उत्तर इथं लिहिते.

नाही, सुनिता. झालं नाही.

अम्मीला थुंकणारी म्हणणं एकदा झालं नाही. दीड वर्ष रोज झालं, चहाच्या टपरीवर, कॉलेजात, एसटीत, तुझ्या स्वयंपाकघरातसुद्धा कुणीतरी म्हटलं असेल आणि तू भाजी ढवळत राहिली असशील. तू एकदा बोललीस, लेकीनं भाग पाडल्यावर. ते मी घेतलं. खरं आहे म्हणून घेतलं, उपकार म्हणून नाही. इथून पुढं तुझ्यासमोर कुणी अम्मीचं किंवा आमच्या कुठल्याही बाईचं तसं नाव घेतलं, तर तू तिथंच बोलायचं. मांडवात, लग्नात, नवऱ्याच्या प्रचारसभेत. प्रत्येक वेळी. अवघड जाईल, माणसं तोडतील. मला ठाऊक आहे कसं वाटतं ते.

तू बोलत राहिलीस तर मला कळेल. आपल्या तालुक्यात काही लपत नाही. मग एखाद्या दिवशी मी पत्राच्या सुरुवातीला नावाच्या आधी काहीतरी लिहीन.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. बोलावणं आलेलं नाही. मुलांचे डबे उघडायच्या वेळेला जाणार आहे.

संस्कृतीची तब्येत कळव.

कुलसुम मण्यारणीची लेक,
मुबीना